समुद्रापेक्षा आखूड दोर

१९८२ च्या मधल्या महिन्यांत प्रशांत महासागरात जे चाललं होतं, ते जवळजवळ कोणाच्याच लक्षात आलं नाही. विषुववृत्तावरचे व्यापारी वारे मंदावले, पश्चिमेला साठलेलं गरम पाणी पूर्वेकडे सरकायला लागलं. विसाव्या शतकातला तोवरचा सर्वांत मोठा एल निन्यो आकार घेत होता, आणि हवामानशास्त्रज्ञांना तो जवळपास ऐन भरात येईपर्यंत दिसला नाही. दोष सगळा त्यांचा नव्हता. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोत एल चिचोन नावाचा ज्वालामुखी फुटला होता. त्यातून उडालेले गंधकाचे सूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरात पसरले आणि उपग्रहांना समुद्राचा पृष्ठभाग खरोखर होता त्यापेक्षा थंड दिसायला लागला. जहाजांवरून काही मोजमापं येत होती. पण ती नेहमीच्या सरासरीपासून इतकी लांब होती, की संगणकातल्या चाळणीनं त्यांतली काही 'चुकीची' म्हणून बाजूला टाकली.

पुढे काय झालं ते माहीत आहेच. पेरू-इक्वेडोरमध्ये पूर, इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियात दुष्काळ. आपल्याकडेही १९८२ चा मान्सून बराच कमी पडला.

या फजितीनंतर एक गोष्ट सगळ्यांना मान्य झाली. समुद्राच्या आत, निदान वरच्या पाचशे मीटरमध्ये, रोजच्या रोज तापमान मोजायला हवं आणि ते मोजमाप त्याच दिवशी किनाऱ्यावर पोचायला हवं. सांगायला सोपं आहे. करायचं कसं, याचं उत्तर ज्यांच्याकडे होतं ती माणसं हवामानतज्ज्ञ नव्हती. ती दोर, नांगर आणि बोये यांच्याशी झगडणारी इंजिनिअर मंडळी होती.

माझ्या पीएचडीचा विषय हाच, मूरिंग. तळाला नांगर, वर बोया, मधे दोर आणि दोराला टांगलेली उपकरणं. विषय सांगितला की बहुतेक जण विचारतात, "म्हणजे सेन्सरवर काम करतेस का?" नाही, दोरावर करते. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. पण सेन्सर फार आधीपासून होते. थर्मिस्टर, म्हणजे तापमान बदललं की ज्याचा विद्युतरोध बदलतो असा बारीकसा मणी, ही काही १९८२ नंतरची गोष्ट नव्हे. अडत होतं ते हे, की तो मणी चार-पाच किलोमीटर खोल समुद्रात एका जागी, ठरलेल्या खोलीवर, वर्षभर टांगून ठेवायचा कसा.

त्यासाठी थोडं मागे, १९६० च्या आसपास जायला लागेल. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेत विल्यम रिचर्डसन नावाच्या शास्त्रज्ञानं ठरवलं की जहाज नेऊन समुद्र मोजण्यापेक्षा उपकरणंच समुद्रात सोडून यायची. केप कॉडच्या बाजूनं बर्म्युडापर्यंत बोयांची एक रांग लावायची, प्रत्येकाखाली प्रवाहमापक टांगायचे, आणि काही आठवड्यांनी जाऊन सगळं उचलून आणायचं. बोये मेदूवड्याच्या आकाराचे होते. (इंग्रजीत त्याला टोरॉइड म्हणतात, पण मेदूवडा म्हटलं की चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं.) प्रवाहमापकात पाण्यानं फिरणारी एक फिरकी आणि दिशा दाखवणारं होकायंत्र. त्यांची नोंद आत बसवलेल्या फिल्मवर व्हायची.

बेत झकास होता, पण मूरिंग टिकेनात. जहाज ठरलेल्या ठिकाणी गेलं की बोयाच जागेवर नसायचा. वादळ, लाटा, गंज, ही कारणं अपेक्षितच होती. पण काही दोर असे तुटत होते की त्यांचं गणित जमेना. ताण तर दोराच्या ताकदीच्या कितीतरी खाली! मग हाती लागलेले तुकडे नीट तपासले, तेव्हा प्लास्टिकच्या धाग्यांत माशांच्या दातांचे तुकडे अडकलेले सापडले. खोल समुद्रातले मासे दोराला चावत होते. ते दोर खात होते असं नाही. दोरावर चिकटलेलं काहीबाही, किंवा अंधारात हलणारं काहीतरी, यावर तोंड टाकत असतील. पण ताणलेल्या दोराला एक कापही पुरतो, बाकीचं काम ताणच करतो.

हा शोध मला फार आवडतो, कारण त्यावरचा उपाय आजही जसाच्या तसा वापरात आहे. वरच्या भागात, जिथे चावे पडतात तिथे, पोलादी तारांचा दोर वापरायचा आणि गंज लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचं आवरण चढवायचं. त्याखाली तळापर्यंत नायलॉन. आज कोणत्याही मूरिंगचं रेखाचित्र उघडा, वर तार आणि खाली नायलॉन दिसेल.

दुसरी अडचण लाटांची होती. बोया पृष्ठभागावर असला की लाटांबरोबर वरखाली होतो, त्याच्याबरोबर दोर, आणि दोराबरोबर प्रवाहमापक. फिरकीला काय कळणार की हे पाणी वाहतंय की मीच हलतेय? ती फिरत राहते आणि नसलेला वेग नोंदवते. म्हणून वुड्स होलच्या लोकांनी हळूहळू बोयाच पाण्याखाली नेला. वरचं टोक लाटांच्या खाली शांत पाण्यात ठेवायचं. परत काढायचं असेल तेव्हा जहाजावरून ठरावीक ध्वनिसंकेत पाठवायचा. नांगराच्या वर बसवलेली कडी तो ऐकून सुटते आणि नांगर तळाशी सोडून बाकीचं सगळं वर येतं. १९६५ पासून 'साइट डी' नावाच्या ठिकाणी निक फोफोनॉफ आणि फेरिस वेब्स्टर यांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या नोंदींपासून पुढे ही पद्धत स्थिरावली.

पाण्याखालचं मूरिंग सुरक्षित असतं, पण मुकं असतं. सहा महिने, वर्षभर ते सगळं नोंदवतं आणि बाहेर काढल्यावरच बोलतं. समुद्राचा अभ्यास करणाऱ्याला ते चालतं. एल निन्यो येतोय का हे विचारणाऱ्याला अजिबात चालत नाही. शिवाय त्याला वाराही मोजायला हवा, आणि वारा पाण्याखाली मोजता येत नाही.

सिअ‍ॅटलच्या पॅसिफिक सागरी पर्यावरण प्रयोगशाळेत (तिला सगळे 'पीमेल' म्हणतात) डेव्हिड हाल्पर्न आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकातच विषुववृत्तावर पृष्ठभागावरचे बोये लावून बसले होते. विषुववृत्त ही मूरिंगसाठी वाईट जागा आहे. वरवर पाणी पश्चिमेकडे जातं, आणि शंभरेक मीटर खाली तेच पाणी पूर्वेकडे, सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून जास्त वेगानं धावतं. पाण्याखालच्या या नदीची ओळख १९५२ साली टाउनसेंड क्रॉमवेल यांच्यामुळे झाली. दोराच्या एका भागाला एकीकडे ओढ आणि दुसऱ्या भागाला उलटीकडे. ही ओढ दोराच्या जाडीच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग आपल्या हातात नाही. जाडी आहे. म्हणून मूरिंगच्या डिझाइनमध्ये एकेका मिलिमीटरवर भांडणं होतात, आणि तारा भरून जाड झालेली सेन्सर केबल बघितली की माझ्यासारख्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

ह्यू मिलबर्न आणि त्यांच्या गटानं १९८४ च्या सुमारास 'अ‍ॅटलस' नावाचं मूरिंग तयार केलं. त्यात नवं असं एकही यंत्र नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट मोजूनमापून स्वस्त केलेली होती. बोया सव्वादोन मीटर रुंदीचा, फोमवर फायबरग्लास चढवलेला मेदूवडाच. त्यावर वारा, हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणं. खाली पाचशे मीटरपर्यंत ठरावीक अंतरावर थर्मिस्टर बसवलेली केबल. तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत कळायचं. प्रयोगशाळेत याहून कितीतरी बारीक मोजता येत होतं, पण एल निन्यो पकडायला एवढं पुरेसं होतं. आणि नांगर? रेल्वेची भंगारातली चाकं, एकावर एक रचून केलेला सुमारे दोन टनांचा ढीग. तो परत आणायचाच नसतो, मग त्यावर पैसे कशाला घालवायचे?

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र दोराच्या लांबीचा. कोणालाही वाटेल की ४,५०० मीटर खोल पाण्यात बोया बांधायचा तर दोर ४,५०० मीटरपेक्षा थोडा जास्तच हवा. बंदरातली होडी आपण तशीच सैल बांधतो. पण दोर सैल असेल तर बोया गोल गोल भटकतो, केबल तिरकी होते, आणि शंभर मीटरवरचा थर्मिस्टर कधी शंभरवर, कधी ऐंशीवर. उष्ण आणि थंड पाण्याची सीमारेषा, जिला थर्मोक्लाइन म्हणतात, तिथे वीस मीटरच्या फरकानं तापमान काही अंशांनी बदलू शकतं. मग नोंदीतला बदल समुद्राचा की दोराचा? अ‍ॅटलसच्या मंडळींनी दोर समुद्राच्या खोलीपेक्षा आखूड ठेवला, साधारण ०.९८५ पट. म्हणजे ४,५०० मीटरला जवळजवळ सत्तर मीटर कमी. वरचे सातशे मीटर आवरण असलेली पोलादी तार, बाकी नायलॉन. नायलॉन ताणतं. नांगर तळाला टेकला की तो दोराला खेचून घेतो आणि वरचा भाग जवळजवळ सरळ उभा राहतो.

हे जमायला खोली अचूक माहीत हवी. तळाशी एखादा डोंगर चुकला तर दोर सैल, एखादी दरी आली तर बोयाच पाण्याखाली. म्हणून जहाज आधी ध्वनिमापकानं तळ चाचपून घेतं, आणि नायलॉनचा शेवटचा तुकडा त्या हिशोबानं ठरतो. मग आधी बोया पाण्यात, त्यामागून हळूहळू दोर, आणि सगळ्यात शेवटी नांगर. नांगर ढकलल्यावर तो तळाला पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मैलोन्‌मैल दूर असलेला बोया जहाजाच्या दिशेनं ओढला जात असतो.

अ‍ॅटलसची नोंद आर्गोस उपग्रहामार्फत रोज किनाऱ्यावर यायची आणि तिथून जगातल्या हवामान केंद्रांना फुकट मिळायची. पीमेलचे स्टॅन हेस यांनी ओळखलं की हे मूरिंग फार हुशार नाही, पण ते डझनावारी लावता येईल. थोड्या जागी भारी उपकरणं लावायची की पुष्कळ जागी साधी, हा वाद प्रत्येक मोजणीत असतो. हेस दुसऱ्या बाजूचे होते. १९८५ ते १९९४ अशा दहा वर्षांच्या 'टोगा' कार्यक्रमात अमेरिका, फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान यांच्या जहाजांनी मिळून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ अंशांपर्यंत सुमारे सत्तर मूरिंगचं जाळं उभं केलं. ते डिसेंबर १९९४ मध्ये पुरं झालं. हेस ते बघायला नव्हते. १९९२ मध्येच कर्करोगानं ते गेले.

१९९७ साली त्याची परीक्षा झाली. पश्चिमेकडच्या वाऱ्याच्या झोतानं गरम पाण्याची लाट पाण्याखालून पूर्वेला निघाली आणि दोन-एक महिन्यांत दक्षिण अमेरिकेच्या बाजूला पोचली. या वेळी ती प्रवास करत असतानाच एका बोयाखालून दुसऱ्याखाली जाताना दिसत होती. १९८२ मधली आंधळेपणाची गोष्ट पंधरा वर्षांत संपली. अर्थात लाट दिसली म्हणून पाऊस कळला असं नाही. १९९७ चा एल निन्यो एवढा प्रचंड असूनही भारतात मान्सून सरासरीएवढा झाला. असं का, हे शोधताना लोक हिंदी महासागराकडे वळले. १९९९ साली एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी (ते पुढे पुण्याच्या आयआयटीएमचे संचालक झाले), विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'हिंदी महासागर द्विध्रुव' मांडला. तिथे असं जाळं नव्हतं. त्याकडे येतेच, आधी केबल.

जुन्या अ‍ॅटलसची थर्मिस्टर केबल म्हणजे आधीच ठरवून जोडलेली माळ होती. एकदा बनली की सेन्सरच्या खोल्या पक्क्या. शिवाय पाण्याखाली जिथे जिथे जोड असतो तिथे तिथे पाणी शिरायची जागा असते. खाऱ्या पाण्याला फार मोठी फट लागत नाही, पाचशे मीटरवर पन्नास वातावरणांचा दाब त्याला मदतच करतो. १९९६ पासून आलेल्या नव्या अ‍ॅटलसमध्ये ही केबलच काढून टाकली. जो पोलादी दोर मासे चावू नयेत म्हणून तीस वर्षांपूर्वी आला होता, आणि गंजू नये म्हणून ज्याच्यावर प्लास्टिक चढवलं होतं, तो विजेच्या भाषेत काय झाला? आवरण असलेली एक तार! तिचं खालचं टोक समुद्राला उघडं ठेवा, वरचं बोयाकडून समुद्राला जोडा, की खारं पाणी परतीचा रस्ता होतं आणि मंडल पूर्ण होतं. सेन्सरमध्ये चुंबकी पदार्थाचं दोन अर्ध्या भागांचं कडं असतं. ते दोराभोवती चिमट्यासारखं बसवायचं. ट्रान्सफॉर्मरमध्ये एका वेटोळ्यातून दुसऱ्यात संकेत जातो तसा सेन्सरचा संकेत आवरणाला भोकही न पाडता दोरात जातो आणि बोयावरचं तसंच कडं तो वाचतं. जोड नाहीत, भोकं नाहीत, जाडी नाही. खोली बदलायची तर चिमटा सरकवा. २००१ पर्यंत प्रशांत महासागरातली सगळी अ‍ॅटलस या पद्धतीची झाली.

इतकं सगळं जमल्यावर उरला तो माणूस. भर समुद्रात तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूखाली मासे जमतात, ट्यूना तर नक्कीच. मासेमारी करणाऱ्यांच्या दृष्टीनं असा बोया म्हणजे आयतं घबाड. ते बोट त्याला बांधतात, गळांचे लांब दोर मूरिंगमध्ये अडकतात, कधी कापले जातात. काही वेळा सौर पट्ट्या आणि बॅटऱ्याही जातात. मला यात त्यांच्यावर नुसतं तोंडसुख घ्यावंसं वाटत नाही. आठवडे-आठवडे समुद्रात राहणाऱ्या खलाशाला त्या पिवळ्या मेदूवड्यातून त्याच्याच बंदराचा वादळाचा अंदाज येतो, हे कोणी सांगितलेलं असतं? पण नुकसान खरं आहे, आणि मासेमारी दाट असलेल्या पट्ट्यांतच नोंदी सर्वांत जास्त तुटतात. त्यामुळे पकडायला, बांधायला काही हाती लागणार नाही असे शंकूच्या आकाराचे बोये करून पाहिले गेले.

दुसरा घाव जमिनीवरून बसला. अ‍ॅटलसचं आयुष्य वर्षभराचं. दरवर्षी जहाजानं जाऊन जुनं काढायचं, नवं लावायचं. अमेरिकेचं यासाठीचं जहाज होतं 'काइमिमोआना'. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ समुद्राचा शोध घेणारा. २०१२ साली पैशांच्या ओढाताणीत ते कामावरून काढलं. बोये लगेच बुडाले नाहीत. ते एकेक करून गप्प होत गेले, आणि २०१४ च्या सुमारास जाळ्याकडून येणाऱ्या नोंदी चाळीस टक्क्यांपर्यंत घसरल्या. एका जहाजावाचून! मग जानेवारी २०१४ मध्ये अनेक देशांची बैठक बसली, जहाजांचे दिवस पुन्हा मिळाले आणि नोंदी सावरल्या. जपाननं मात्र पश्चिमेकडची आपली मूरिंग पुढे कमी करत नेली.

आता आपल्याकडे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयओटीनं, १९९७ च्या आसपास नॉर्वेच्या मदतीनं बोये लावायला सुरुवात केली. पुढे बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात पाचशे मीटरपर्यंत मोजणारे 'ओमनी' बोये आले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं दुसरी वाट धरली, वुड्स होलची, पाण्याखालची. २००० पासून विषुववृत्तावर खोल समुद्रात प्रवाहमापकांची मूरिंग, आणि नंतर पश्चिम किनाऱ्याच्या उतारावर मुंबई, जयगड, गोवा, कोल्लम अशी रांग. यातली उपकरणं खालून वर ध्वनी सोडतात आणि पाण्यातल्या कणांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून प्रवाह ओळखतात. पृष्ठभागावर काहीच दिसत नाही, त्यामुळे कोणी बोट बांधत नाही. पण जयगडच्या समोर समुद्रात काय चाललंय हे जहाज जाऊन मूरिंग काढेपर्यंत कळतही नाही. १९६५ चा सौदा तसाच आहे.

हिंदी महासागराचं मोठं जाळं 'रामा'. त्याचा मूळ आराखडा ४६ मूरिंगचा होता. २००४ मध्ये पहिली काही अ‍ॅटलस मूरिंग भारताच्या 'सागर कन्या'वरून सोडली गेली. पुढे पूर्वेचा भाग भरत गेला, पश्चिमेचा रखडला, कारण सोमालियाच्या चाच्यांमुळे तिथे जहाज पाठवायला कोणी तयार होईना. गंमत म्हणजे मान्सूनच्या दृष्टीनं तोच भाग महत्त्वाचा. वारा तिथूनच आपल्याकडे येतो.

एनआयओटीनं त्रासाला कंटाळून काही बोयांवर कॅमेरे बसवले आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांमध्ये जाऊन हे बोये कशासाठी आहेत ते सांगायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात बोयाला टेकलेल्या बोटी आणि वर चढलेली माणसं दिसतात. माझ्या कामात या फोटोंचा उपयोग वेगळाच आहे. बोयाला बांधलेली बोट लाटेवर उचलली गेली की दोरावर किती ताण येतो, याचा आकडा डिझाइनमध्ये आता धरावा लागतो. पूर्वी तो कोणी धरत नसे, कारण दोराच्या वरच्या टोकाला फक्त बोया असतो असं सगळ्यांनी मानलं होतं.